वर्ल्ड बायसिकल रिलीफला सायकलसाठी पैसे द्यावेत का? माझ्या मते द्यावेत, कारण सांगते

सायकल दान म्हटलं की बहुतेक जण घरात पडून असलेली सायकल पुसून देऊन टाकतात, भावना चांगलीच असते, पण ज्याला ती मिळते त्याचा रस्ता कच्चा असतो, मागे धान्याचं पोतं नाहीतर पाण्याचे कॅन, आणि त्या गिअरचा एखादा पार्ट गेला की तो तिकडे मिळतच नाही, मग सायकल भिंतीला टेकून उभी ती उभीच. म्हणून मी वर्ल्ड बायसिकल रिलीफला पैसे देते, ही संस्था अशा रस्त्यांवर टिकतील अशा मजबूत सायकली गरजू लोकांना देते, आणि कोणी विचारलं तर हेच नाव सांगते.

2004 च्या त्सुनामीनंतर एफ. के. डे आणि लिया मिसबाक डे या नवरा-बायकोने 2005 मध्ये ही संस्था काढली. एफ. के. डे म्हणजे सायकलचे पार्ट बनवणाऱ्या स्रॅम कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, त्यामुळे सायकलमधलं कळणारा माणूस आहे. आधी श्रीलंकेत 24,000 च्या आसपास सायकली वाटल्या, मग आफ्रिकेतल्या झांबियात, एचआयव्हीच्या पेशंटकडे घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांना. त्या वापरात टिकेल अशी सायकल हवी म्हणून त्यांनी स्वतःचीच तयार केली, बफेलो.

आता सायकलबद्दल. दिसायला काही खास नाही, वजन 23 किलोच्या आसपास, म्हणजे चांगलीच जड. पण जाड स्टीलची फ्रेम, मागचं कॅरिअर 100 किलो पेलतं (म्हणजे आजारी माणसालाही मागे बसवून दवाखान्यात नेता येतं!) आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ब्रेक. पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमधला (म्हणजे चाकाच्या मधल्या भागातला) ब्रेक लागतो, म्हणजे वायर तुटायची भानगड नाही, ब्रेकचे रबर झिजायचा प्रश्न नाही आणि पावसात चिखलात पण चालतो. आता दोन गिअरचं मॉडेल पण आलंय, चढाच्या रस्त्यांवर त्याची खरंच गरज होती.

पण नुसती सायकल चांगली असून भागत नाही ना. हे लोक तिथल्याच माणसांना मेकॅनिकचं ट्रेनिंग देतात, टूल्स देतात, स्पेअर पार्ट दुकानात विकायला ठेवतात. शिवाय त्यांची एक कंपनी हीच सायकल शेतकऱ्यांना, छोट्या धंदेवाल्यांना विकते पण, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण विकत घेणारे गिऱ्हाईक असले की पार्टचं दुकान चालतं, आणि दुकान चाललं की फुकट मिळालेली सायकलसुद्धा दुरुस्त होत राहते.

उपयोग होतो का, तर झांबियात शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींवर नीट अभ्यास झालाय, काही शाळांत सायकली दिल्या, काहींत नाही आणि मग तुलना केली. सायकलवाल्या मुलींची गैरहजेरी 28 टक्क्यांनी कमी, जायला-यायला लागणारा वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी. उन्हातान्हात तासन् तास चालून वर्गात पोचणाऱ्या मुलीला तो वेळ मिळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. सायकल कोणाला द्यायची हे गावातली कमिटी ठरवते, आणि मुलगी ठरल्याप्रमाणे शाळेत येत राहिली की सायकल तिच्या मालकीची होते. ही अट मला पटते, पण घरच्यांनी तिला शेतावर नाहीतर लहान भावंडांजवळ थांबवलं तर त्यात तिचा काय दोष, तिथे कमिटीने समजून घ्यायलाच हवं.

खटकणारी गोष्ट म्हणजे वजन. पाचवी-सहावीतल्या बारक्या मुलीला 23 किलोची सायकल चढावर ढकलताना त्रास होणारच, मजबुती थोडीही कमी न करता हलकी सायकल बनवणं सोपं नाही हे मान्य, पण लहान मुलांसाठी वेगळा साईज यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आणि जुनी सायकलच द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त अशा संस्थेला द्या जिचं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि देताना सरळ विचारा की पुढे पंक्चर कोण काढणार, चेन तुटली तर ती मिळणार कुठे.