जर्मनी की जपान? एकटीने राहायला जाणाऱ्या स्त्रीसाठी सुरक्षिततेचा तुलनात्मक आढावा

पुण्यात जर्मन आणि जपानी या दोन्ही भाषा शिकवण्याची जुनी परंपरा असल्यामुळे, पदवी हातात पडल्यावर पुढच्या शिक्षणासाठी वा नोकरीसाठी या दोनपैकी कोणता देश निवडावा, हा प्रश्न अनेक मराठी घरांत पडतो. मुलगी एकटीच जाणार असेल, तर पगाराच्या आधी सुरक्षिततेची चौकशी होते आणि बहुतेक वेळा ‘जपान एकदम सेफ आहे’ या एका वाक्यावर ती थांबते. हे वाक्य खरे असले तरी निर्णय घेण्यापुरते पुरेसे नाही. जपानमध्ये काही विपरीत घडण्याची शक्यता कमी असते, परंतु घडलेच तर परक्या स्त्रीला दाद मागणे जड जाते. जर्मनीत रस्त्यावर थोडे अधिक सावध राहावे लागते, मात्र दाद मागण्याच्या वाटा तुलनेने रुळलेल्या आहेत.

रात्रीच्या रस्त्यापासून सुरुवात केली, तर जपानचे पारडे निर्विवाद जड आहे. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला होणाऱ्या खुनांचे प्रमाण तेथे ०.३च्या आसपास, तर जर्मनीत १च्या थोडे खाली असते. म्हणजे जर्मनीही जगाच्या मानाने सुरक्षितच आहे. टोकियोत चोवीस तास उघडी असणारी किराणा दुकाने आणि ‘कोबान’ म्हणून ओळखली जाणारी छोटी पोलीस चौकी रहिवासी भागात जागोजागी आढळते, त्यामुळे उशिरा परतणाऱ्या स्त्रीला रस्ता अगदी ओसाड वाटत नाही. अडचण एवढीच की शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि ती चुकली की टॅक्सीचे भाडे खिशाला चांगलीच झळ लावते. टोकियोतील काबुकिचोसारख्या रात्रीच्या करमणुकीच्या भागात दलालाच्या मागोमाग एखाद्या बारमध्ये शिरणे मात्र कोणत्याही वेळी टाळावे.

जर्मनीत परिस्थिती शहरागणिक आणि ऋतूगणिक बदलते. डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, रविवारी दुकाने बंद असतात आणि फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकाच्या परिसरातील अमली पदार्थांचा उघड व्यवहार पाहून नवखी मुलगी बिचकते. त्याला उतारा म्हणून काही सोयी आहेत. अनेक शहरांत रात्रीच्या बसचालकाला विनंती करून दोन थांब्यांच्या मध्ये घराजवळ उतरता येते, आणि ‘हाइमवेगटेलेफोन’ या सेवेतील स्वयंसेवक ठरावीक वेळांत घरी पोहोचेपर्यंत फोनवर सोबत करतात. ही सेवा जर्मन भाषेत चालते, म्हणून किमान बोलण्यापुरती भाषा येईपर्यंत तिच्यावर भिस्त ठेवू नये.

रेल्वेच्या डब्यात शिरल्यावर मात्र ही तुलना उलटते. जपानमधील स्त्रियांच्या रोजच्या त्रासाचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे सकाळच्या गर्दीची गाडी. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावणाऱ्यांना तेथे ‘चिकान’ म्हणतात आणि त्यांच्याविषयीचे इशारे स्थानकांवर लावलेले असतात. त्यावर उपाय म्हणून २००१ पासून स्त्रियांसाठी राखीव डबे नियमितपणे सुरू झाले. फलाटाच्या जमिनीवर, डब्याचे दार जेथे येते तेथे, गुलाबी पट्टा आणि वेळ लिहिलेली असते. ती वेळ वाचणे महत्त्वाचे आहे, कारण मुंबईच्या लोकलमध्ये महिलांचा डबा दिवसभर असतो या सवयीने गेलेल्या मुलीची टोकियोत फसगत होते. तेथे बहुतेक मार्गांवर हा डबा फक्त कामाच्या दिवशी सकाळी राखीव असतो, तर ओसाकात काही मार्गांवर तो दिवसभर असतो. टोकियो पोलिसांच्या ‘डिजी पोलीस’ या ॲपमधील एक बटण दाबले की मदत मागणारा मजकूर पडद्यावर येतो आणि पुन्हा दाबल्यास ‘थांबा’ अशा अर्थाचे जपानी वाक्य मोठ्याने ऐकू येते. ओरडण्याइतका आवाज फुटत नाही अशा क्षणासाठी ही सोय खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. जर्मनीत गाड्यांमधील गर्दी इतकी नसते. तेथील त्रास अधिक करून रात्रीच्या डब्यात मद्यधुंद टोळक्याकडून होतो, आणि त्या वेळी चालकाच्या जवळच्या डब्यात बसणे शहाणपणाचे ठरते.

प्रसंग घडून गेल्यानंतर काय, हा भाग घरच्या चर्चेत सहसा येतच नाही, आणि माझ्या मते निर्णय याच भागावर व्हायला हवा. कोलोन शहरात २०१५च्या वर्षअखेरीस रात्री स्त्रियांवर झालेल्या सामूहिक अत्याचारांनंतर, आधीपासून सुरू असलेल्या मागणीला जोर आला आणि २०१६ मध्ये जर्मनीने फौजदारी कायदा बदलला. स्त्रीने नकार स्पष्टपणे दर्शवला असेल, तर बळाचा वापर सिद्ध करण्याची गरज तेव्हापासून राहिली नाही. जपानमध्ये असाच मूलभूत बदल जुलै २०२३ मध्ये झाला, त्याच वेळी संमतीचे वय १३ वरून १६ करण्यात आले आणि चोरून चित्रण करण्याविरुद्ध देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदाही आला. कागदावर दोन्ही देश आता जवळ आले आहेत. व्यवहारात मात्र अंतर आहे. जर्मनीत ११६ ०१६ हा स्त्रियांवरील हिंसाचारासाठीचा मदत क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि इंग्रजीसह अनेक भाषांत चालतो. पोलिसांत तक्रार करायची की नाही हे ठरले नसले, तरी रुग्णालयात पुरावे गोपनीय पद्धतीने नोंदवून जपून ठेवण्याची तरतूदही आहे, जरी तिची अंमलबजावणी सर्व राज्यांत सारखी नाही. जपानमध्ये #८८९१ हा क्रमांक जवळच्या लैंगिक हिंसाचार मदत केंद्राला जोडून देतो आणि अशी केंद्रे सर्व ४७ प्रांतांत आहेत, पण संभाषण मुख्यतः जपानीत होते. पोलिसांसाठी दोन्ही देशांत ११० हाच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी मात्र जर्मनीत ११२ आणि जपानमध्ये ११९ लावावा लागतो.

घराच्या बाबतीत दोन्ही देशांत वेगवेगळ्या ठिकाणी ठेच लागते. जपानमध्ये एकटीने राहणाऱ्या स्त्रिया तळमजला टाळतात. आपल्याकडच्या पहिल्या (जपानी मोजणीत दुसऱ्या) मजल्यावरचे किंवा त्याहून वरचे, इमारतीचे मुख्य दार आपोआप बंद होणारे आणि आलेल्या माणसाचा चेहरा आतल्या पडद्यावर दिसणारे घर त्या शोधतात, आणि जाहिरातींच्या संकेतस्थळांवर या तिन्ही अटी निवडण्याची सोय असते. स्त्रियांचे अंतर्वस्त्र गॅलरीत वाळत घालू नये, ही सूचना तेथे कोणीही शेजारीण करते, कारण त्याच्या चोऱ्या होतात आणि घरात एकटी स्त्री राहते हेही त्यावरून कळते. अशा घराचे भाडे अर्थातच अधिक असते. शिवाय ते मिळणेही सोपे नाही. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्क्यांनी केवळ परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचे सांगितले होते. नकारांना कंटाळून हाती येईल ते तळमजल्याचे लाकडी घर घेतले जाते आणि देशाची सुरक्षितता दाराशीच संपते.

जर्मनीत विद्यार्थिनींना सहसा वसतिगृहाची खोली किंवा ‘वेगे’ म्हणजे सामाईक सदनिकेतील खोली मिळते. दोन्हींत मुलगे आणि मुली एकत्र राहणे सर्रास चालते, त्यामुळे केवळ मुलींची सदनिका हवी असल्यास ती अट शोधतानाच स्पष्ट करावी आणि त्यात संकोच मानू नये. जुन्या इमारतींत कपडे धुण्याचे यंत्र तळघरात असते आणि जिन्यातला दिवा काही मिनिटांत आपोआप विझतो, म्हणून घर पाहायला दिवसा जाणाऱ्या मुलीने तळघरही पाहून यावे. ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणारा मालक ठगच असतो. अनामत रक्कम इतर खर्च वगळून तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि पत्त्याची सरकारी नोंदणी करू देणार नाही म्हणणाऱ्याचे घर सोडून द्यावे.

याच नोंदणीची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मनीत एखाद्याची ओळख पटण्याइतका तपशील असला, तर शुल्क भरून नोंदणी कार्यालयातून त्याचा पत्ता मिळवता येतो, आणि दारावरच्या घंटीपाशी आडनाव लिहिलेले असतेच. पाठलाग करणाऱ्या माणसाला एवढे पुरते. धोका असल्याचे कारण देऊन माहिती रोखण्याचा अर्ज करता येतो, पण तो स्वतःहून करावा लागतो. जपानमध्ये रहिवासी नोंदी पाहण्यावर २००६ पासून बरीच बंधने आहेत.

त्रास देणारा माणूस वरिष्ठ अधिकारी असेल, तर नोकरी सोडता येते का, यावर सुरक्षितता अवलंबून राहते. जपानमध्ये अभियंत्यांना मिळणारा निवासी दर्जा एका कंपनीला बांधलेला नसतो. नोकरी सोडल्याचे १४ दिवसांत कळवावे लागते आणि तीन महिन्यांहून अधिक काळ विनाकारण काम न केल्यास तो दर्जा रद्द होऊ शकतो. जर्मनीत ब्लू कार्डधारकाला, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांसाठीचा निवास परवाना असलेल्या व्यक्तीला, पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलताना परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावे लागते. पण जपानी कंपन्या नव्या कर्मचाऱ्यांना पुष्कळदा कंपनीचेच घर देतात, आणि राजीनामा दिला की घरही जाते. आईवडिलांना हे घर सर्वांत सुरक्षित वाटते. मला ते तसे वाटत नाही.

वर्णावरून होणाऱ्या त्रासाबाबत जर्मनीत उघड शिवीगाळीचा आणि क्वचित हल्ल्याचा धोका अधिक आहे, परंतु २००६चा भेदभावविरोधी कायदा घरभाड्यालाही लागू होतो. जपानमध्ये असा सर्वसमावेशक कायदा नाही. आधाराला माणसे मात्र दोन्हीकडे आहेत. टोकियोतील एदोगावा भागात, निशी-कासाईच्या परिसरात भारतीयांची वस्ती इतकी आहे की २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक तेथील स्थानिक सभेवर निवडून आले.

दोन आठवड्यांच्या एकटीच्या प्रवासासाठी मी बिनदिक्कत जपान सुचवेन. राहायला जायचे असेल, तर ज्या मुलीला जपानी भाषा N2 पातळीपर्यंत (जपानी भाषेच्या परीक्षेत N5 सर्वांत सोपी आणि N1 सर्वांत अवघड पातळी) येते आणि जिला कामावरून उशिरा परतावे लागणार आहे, तिच्यासाठीही जपानच योग्य आहे. भाषा अर्धवट असलेल्या आणि प्रसंगी इंग्रजीत दाद मागावी लागणाऱ्या मुलीने जर्मनी निवडावी, शक्यतो मोठ्या विद्यापीठाचे शहर आणि वसतिगृहाची खोली नक्की झाल्यावर. आणि हातात आलेला प्रस्ताव जपानमधल्या लहान गावातील, कंपनीच्या घरासह, भाषा N4 असताना आलेला असेल, तर रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे ढकलता येते का, हे कंपनीला लेखी विचारावे.