जुना मेटल डिटेक्टर घेऊन गुप्तधनाचा शोध : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

काट्याचा मीटर आणि हाताने फिरवायचे नॉब असलेला एक जुना व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेवर चालणारा) डिटेक्टर मी काही महिने नियमितपणे वापरत आहे, आणि त्याच्याही आधीच्या पिढीतला एक बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) डिटेक्टर त्याच जमिनीवर चालवून पाहिला आहे. दोन्हींना पडदा नाही, आकडे नाहीत. जे काही कळायचे ते कानाने.

बीएफओबद्दल थोडक्यात सांगता येईल. दोन ऑसिलेटरांच्या, म्हणजे कंपने निर्माण करणाऱ्या मंडलांच्या, वारंवारतेतील फरक ऐकवणे एवढेच त्याचे तत्त्व. कॉइलजवळ, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याजवळ, धातू आला की सूर बदलतो, पण कॉइल उन्हात तापली किंवा जमिनीपासूनचे तिचे अंतर थोडे हलले तरीही तो बदलतो. अगदी वरच्या थरातले नाणे त्याला सापडते, त्याखालचे सहसा नाही. संग्रहात ठेवायला ते यंत्र चांगले आहे.

व्हीएलएफची गोष्ट निराळी आहे. त्याची एक कॉइल काही किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, दुसरी धातूकडून येणारा प्रतिसाद पकडते, आणि त्या प्रतिसादाची फेज (लहरीची वेळ) किती सरकली यावरून लोखंड आणि चांदी यांत फरक करता येतो. मात्र मातीतील लोहखनिजेही प्रतिसाद देत असल्याने ग्राउंड बॅलन्स (मातीचा प्रतिसाद रद्द करणारी जुळणी) हाताने जुळवावा लागतो : कॉइल जमिनीवर खाली-वर करत राहायचे आणि सूर स्थिर होईपर्यंत नॉब फिरवायचा. माती बदलली की पुन्हा तेच. समुद्राच्या ओल्या वाळूत मीठ आणि काळी लोहयुक्त रेती एकत्र असेल, तर एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राला दोन्ही एकदम शांत करता येत नाहीत. तिथे माझे यंत्र सतत कुरकुरत राहिले.

सर्वात फसवा नॉब डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको असलेले धातू वगळण्याचा. ॲल्युमिनियमचा कागद, शीतपेयाच्या डब्याची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी यांचे प्रतिसाद एकमेकांच्या इतके जवळ पडतात की, कचरा टाळण्यासाठी नॉब पुढे नेला की अंगठीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून मी तो खिळे वगळण्यापुरताच ठेवतो आणि बाकी सगळे खणतो. त्यात बाटल्यांची झाकणेच जास्त निघतात.

या यंत्राचे खरे बळ सर्व धातूंच्या मोडमध्ये, हेडफोन लावल्यावर कळते. सूर ऐकू येईल न येईल इतका बारीक ठेवला, की खोलवरची वस्तू ‘बीप’ करत नाही. ती गुणगुण फक्त किंचित फुगते आणि ओसरते. हे ओळखायला कान तयार व्हावा लागतो. आठ इंची कॉइलने नाणे साधारण सहा इंचांपर्यंत भरवशाने मिळते, त्याखाली मातीची मर्जी. कॉइलच्या फेऱ्या एकमेकींवर चढवल्या नाहीत, तर मधली खोल जागा तशीच राहून जाते.

धनाने भरलेला हंडा शोधायचा असेल, तर लहान कॉइलचे यंत्र मुळातच योग्य नाही. त्यासाठी दांड्याच्या दोन टोकांना प्रेषक आणि ग्राहक अशा दोन पेट्या असलेली रचना लागते. १९३७ साली गेरहार्ड फिशर यांना पेटंट मिळाले ते याच प्रकारच्या यंत्राचे. ही रचना सुटी नाणी आणि खिळे यांकडे दुर्लक्ष करते, मोठ्या वस्तूला मात्र अधिक खोलीवरून दाद देते. लांबूनच सोन्याची दिशा दाखवणाऱ्या अँटेनांच्या जाहिराती दिसतात. त्यांना भौतिकशास्त्राचा कोणताही आधार नाही.

जुन्या यंत्राच्या बाजूने नेहमी स्टॅफर्डशायरचा दाखला दिला जातो. इंग्लंडमध्ये २००९ साली टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड ठेवा मिळाला, तेव्हा त्यांचा डिटेक्टर सुमारे १४ वर्षांचा होता. पण ते शेत नांगरलेले होते आणि बरेच सोने वरच्या थरात आलेले होते. यंत्र किती खोलवर शोधते यापेक्षा जागेची निवड आणि जमीनमालकाची परवानगी तिथे अधिक कामी आली. सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, ते खणण्याआधी वाचावेत.

वापरलेले यंत्र घेताना बॅटरीच्या कप्प्यात गळतीचा हिरवा-पांढरा थर आहे का ते पाहावे, नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐकावे, आणि यंत्र चालू ठेवून कॉइलची केबल हलवून बघावी. खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबल हलवताच आवाज तुटत असेल, आणि त्या मॉडेलची कॉइल आता मिळत नसेल, तर ते यंत्र घेऊ नये.