टेट्रा पॅक परत देण्याचे आठ महिने: सगळा घोळ चार कानांचा

हे लिहायला निमित्त झालं ते जुलैत, पुनर्वापरासाठी रिकामे टेट्रा पॅक गोळा करणाऱ्या संकलन केंद्रावरून परत आलेल्या पिशवीचं. दूध आणि ताकाचे एक लिटरचे बावीस खोके (म्हणजेच कार्टन) होते, सगळे विसळलेले, सगळे चपटे केलेले. तरीही पिशवी उघडताच आंबूस वास आला आणि कोपऱ्यांत काळी बुरशी दिसली. घेणाऱ्याने नाकारलं ते योग्यच केलं. चूक विसळण्याच्या क्रमात होती. नेहमी सांगितलं जातं ते एवढंच: रिकामा करा, विसळा, चपटा करा. या क्रमाने गेलात तर पावसाळ्यात पिशवी परत येणार.

कारण आहे खोक्याच्या कानांत. विटेच्या आकाराच्या कार्टनला चार कान असतात: वरचे दोन बाजूंना चिकटवलेले, खालचे दोन तळाखाली दुमडलेले. हे कान म्हणजे खोक्याचाच दाबून बसवलेला कोपरा, आतून तो पोकळ असतो. दूध तिथे झिरपतं आणि घडी घट्ट असल्यामुळे विसळायचं पाणी काही तिथपर्यंत पोचत नाही. खोका उलटा धरून कितीही झटका, थेंब पडत नाही. मग चपटा करताना तळाचा कान उघडला की त्यातून दाटसर पांढरा थेंब बाहेर येतो आणि धुतलेल्या खोक्यावर पसरतो. ताकाच्या बाबतीत तर तिथे गाळ धरतो. बावीस खोक्यांचे चव्वेचाळीस तळकान होते, वास तिथूनच येत होता.

म्हणून क्रम उलटा करा. खोका रिकामा झाला की आधी चारही कान सोडवा. ते गोंदाने नव्हे तर प्लॅस्टिकचा थर तापवून चिकटवलेले असतात, त्यामुळे अंगठा खाली घालून ओढला की टक्कन सुटतात. दोनशे मिलीच्या खोक्यांचे कान चिवट असतात, तिथे चमच्याचा दांडा घाला. कान सुटले की खोका उशीसारखा फुगीर होतो. आता पाणी घाला, तोंड दाबून धरा, आठ-दहा वेळा खळखळवा आणि प्रत्येक कोपरा एकेकदा खाली करून ओता. लिटरच्या खोक्याला अर्धी वाटी पाणी पुष्कळ होतं. नळाखाली भळाभळा धुऊ नका, तांदूळ किंवा भाजी धुतलेलं पाणी इथे चालतं. दुधाच्या खोक्याचं पहिलं विसळण मात्र चांगल्या पाण्याचं करून चहात घालावं. दोन-तीन चमचे दूध असतं त्यात, टाकायचं कशाला? ताकाचं विसळण कढीपत्त्याच्या कुंडीत.

कापायचं की नाही, याबद्दल माझं मत मध्येच बदललं. पहिले तीन महिने कात्रीने खोका उभा चिरून, पुस्तकासारखा उघडून धूत होते. आतलं सगळं दिसतं, हात पोचतो, समाधान वाटतं. पण कार्टनला पाणी न लागण्याचं कारण म्हणजे आतून-बाहेरून असलेला पॉलिथिनचा थर. कात्री लावली की मधला पुठ्ठा कडेने उघडा पडतो आणि टिपकागदासारखं पाणी ओढून घेतो. चिरलेली कड फुगते, थर सुटायला लागतात आणि वाळायला दुप्पट वेळ लागतो. आता कात्री लावते ती विसळून, पूर्ण निथळल्यावर, आणि तीही फक्त वरच्या शिवणीखाली. पट्टी पूर्ण कापत नाही, एका टोकाला इंचभर जोडलेली ठेवते, नाहीतर सुटे तुकडे पिशवीत तळाला जमतात आणि झाडून काढावे लागतात. मग खोका तोंड खाली करून दोरीवर चिमट्याने अडकवायचा. उन्हाळ्यात एका दुपारीत वाळतो. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवूनही दोन-तीन दिवस धरा. बोट आत घालून तळाच्या शिवणीवर फिरवा. ती गार लागली तर अजून ओल आहे.

ओलीचा इतका बाऊ का? कार्टनमध्ये वजनाने साधारण 75 टक्के पुठ्ठा, 20 टक्के पॉलिथिन आणि 5 टक्के ॲल्युमिनियम असतं. त्याच्या पुढच्या वाटा दोन. कागदाच्या गिरणीत गेला तर पाण्यात घुसळून लगदा वेगळा काढतात आणि उरलेल्या प्लॅस्टिक-ॲल्युमिनियमचे छपराचे पत्रे किंवा फळ्या करतात. दुसरी वाट पालघरमधल्या एका पुनर्वापर कारखान्यासारखी: अख्ख्या कार्टनचा चुरा करायचा आणि तो तापवून दाबायचा. पॉलिथिन वितळतं आणि तेच गोंदाचं काम करतं, वेगळा चिकटा लागत नाही. त्या फळ्यांपासून शाळेची बाकं बनतात. दाबाखाली तापताना ओलीची वाफ होते आणि वाफ म्हणजे फळीत फुगे. बुरशी लागलेला पुठ्ठा गिरणीलाही नको असतो, त्याचा धागा कुजलेला असतो. शिवाय माल गठ्ठे बांधून कित्येक दिवस पडून राहतो, त्यामुळे तुमच्या एका ओल्या खोक्याचा वास शेजारच्या पन्नास कोरड्या खोक्यांना लागतो.

रद्दीवाला हे का घेत नाही, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लिटरचा रिकामा खोका साधारण तीस ग्रॅम भरतो, दोनशे मिलीचा आठ-नऊ. म्हणजे किलोभर मालाला मोठे तेहतीस-पस्तीस किंवा छोटे शंभरावर खोके. कचरा वेचणाऱ्या बाईने एका किलोसाठी शंभर वेळा वाकायचं आणि हातात पडायचं पुठ्ठ्याहूनही कमी. साधी गिरणी तो घेत नाही, कारण तिच्या यंत्रात लगदा सुटायला वेळ लागतो आणि प्लॅस्टिक जाळीत अडकतं. म्हणून स्वतंत्र संकलन लागतं. मुंबईत सुपरमार्केटमध्ये पेट्या ठेवून हे काम 2010 पासून ‘गो ग्रीन विथ टेट्रा पॅक’ या नावाने चाललं आहे. प्लॅस्टिक कचरा नियमांच्या 2022 च्या दुरुस्तीत अशी बहुस्तरीय, म्हणजे प्लॅस्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचे थर असलेली पॅकिंग तिसऱ्या वर्गात येते आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. या जबाबदारीचा जोर पेटीपाशी मात्र जाणवत नाही. आमच्या जवळच्या दुकानातली पेटी दोनदा तीन-तीन आठवडे तुडुंब भरलेली होती, वर चहाचे कप आणि वेफर्सची पाकिटं. उचलण्याचा वार लिहिलेला नाही, भरल्यावर कुणाला कळवायचं तेही नाही. गठ्ठा घेऊन निघण्याआधी दुकानात फोन करून पेटी रिकामी आहे का विचारा. निव्वळ यासाठी रिक्षा करू नका, वाणसामानाच्या फेरीतच न्या. चपटे केलेले पस्तीस खोके सुतळीने बांधले तर वीतभराच्या आत उंचीचा गठ्ठा होतो. न दाबता न्यायचे तर पस्तीस लिटर हवा वाहून न्यावी लागते.

पेटीत काय चालतं यात सर्वांत जास्त गोंधळ उशीसारख्या दुधाच्या पाकिटांचा होतो. काही टिकाऊ दूध खोक्याऐवजी मऊ पाकिटात येतं आणि ते नेहमीच्या दुधाच्या पिशवीसारखं दिसतं. कोपरा फाडून पाहा. कडेला पांढरे केसाळ धागे आणि आत चंदेरी थर दिसला तर ते कार्टनच आहे, पेटीत टाका. पिशवी फाडायला गेलात तर ती ताणली जाते, धागे दिसत नाहीत. ती धुऊन वेगळी ठेवा, रद्दीवाला घेतो. चहाचे कागदी कप, आइस्क्रीमचे कप आणि वेफर्सची पाकिटं नकोत. स्ट्रॉ काढून टाका. 2022 च्या जुलैपासून त्या कागदी झाल्या आणि ओल्या राहिल्या की खोक्याच्या आत चिकटून बसतात. फिरकीचं टोपण काढून कडक प्लॅस्टिकमध्ये टाका, त्याखालची कडी ओरबाडत बसू नका.

सोसायटीत करायचं असेल तर वीस घरांना मिळून एक गोणी पुरते. गोणी विणलेली, हवा जाणारी हवी. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलीसुरली ओल कोंडते. गोणी जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा, फळांच्या रसाच्या खोक्यांना मुंग्या लागतात. सफाई कामगाराला कार्टन घंटागाडीत न टाकता बाजूला ठेवायला सांगा आणि त्या जास्तीच्या कामाचे पैसे ठरवून द्या.

जुलैतली ती बावीसची पिशवी पुन्हा उघडली तेव्हा बुरशी चढलेले नऊ खोके सुक्या कचऱ्यात गेले. उरलेल्या तेरांचे कान सोडवून विसळले, शिवणीखाली कापून तीन दिवस पंख्याखाली टांगले. ऑगस्टमध्ये तेच तेरा त्याच केंद्रावर घेतले गेले.