बोटीचा नकाशा, दवाखान्याचे फोटो: ‘अँग्लिया’बरोबर आठ महिने

आधीच सांगतो, हे किटचं परीक्षण नाही. ‘अँग्लिया’ ह्या जुन्या बोटीच्या मॉडेलचं किट मला कुठे मिळालं नाही, म्हणून स्टायरीन (प्लॅस्टिक) शीट कापून १:३५० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या भागाएवढी, बोट स्वतःच उभी करतोय. परीक्षण आहे ते ज्या सामग्रीच्या जोरावर ती उभी राहिली तिचं: नकाशाची डिजिटल प्रत, जुन्या फोटोंचे स्कॅन आणि युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग कराराचं एक कलम. आठवड्यातल्या तीन-चार रात्री ह्या तिघांबरोबर गेल्या. बायकोचा प्रश्न अजून तोच आहे: “एक बोट पांढरी रंगवायला आठ महिने?”

बोट कुठली, ते थोडक्यात. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची प्रवासी बोट, होलिहेड ते डब्लिन. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला विल्यम डेनीच्या यार्डात १९०० मध्ये बांधलेली, १,८६२ टन, लांबी सुमारे १०० मीटर. महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलाने ती घेतली, १९१५ मध्ये तिचं हॉस्पिटल शिप झालं आणि ती फ्रान्समधून जखमी सैनिक इंग्लंडला आणू लागली. असल्या कामाला रेल्वे कंपन्यांच्या बोटी सोयीच्या होत्या. वेग चांगला, बंदरात शिरून चटकन धक्क्याला लागायची सवय, आणि प्रवास काही तासांचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच ज्याने बघितली असेल त्याला हा स्वभाव लगेच कळेल. महासागर ओलांडणारं जहाज वेगळं आणि दिवसातून फेऱ्या मारणारी बोट वेगळी.

आता नकाशा. पहिली फाइल घेतली एका ऑनलाइन विक्रेत्याकडून. नाव सांगत नाही, कारण चूक अर्धी माझीच. फाइलीवर ‘अँग्लिया, डेनी, डंबार्टन’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तीन आठवडे डेक कापण्यात घालवले. मग एका फोटोशी ताडून बघताना लाइफबोटींची संख्या जुळेना. शेवटी कोपऱ्यातली तारीख मोठी करून वाचली आणि डोक्यावर हात मारला. त्याच कंपनीने १९२० मध्ये त्याच यार्डाकडून त्याच नावाची दुसरी बोट बांधून घेतली होती! नुसती अँग्लियाच नव्हे, कॅम्ब्रिया, हायबर्निया, स्कोशिया ही चारही नावं त्यांनी दुसऱ्यांदा वापरली. नवी बोट टनाच्या हिशेबात पावणेदोन पटीहून मोठी. माझे कापलेले डेक सध्या चहाच्या कपाखाली ठेवायला उपयोगी पडतात. तेव्हा नकाशा मागताना नावाबरोबर यार्ड आणि बांधणीचं साल, दोन्ही लिहून मागा. डेनीच्या यार्डाच्या नकाशांचा मोठा साठा ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. तिथल्या सूचीत नुसतं नाव शोधण्याची चूक करू नका.

दुसरी फाइल बरोबर निघाली आणि खरंच सुंदर होती. मूळ रेखाटन एक फुटाला अष्टमांश इंच, म्हणजे १:९६. ते १:३५० वर आणायला २७.४ टक्के. इथे दुसरा फटका बसला. गल्लीतल्या प्रिंटवाल्याला स्केल नीट लिहून दिलं होतं, पण त्याच्या मशीनने कागदात मावावं म्हणून चित्र परस्पर आणखी तीन टक्के आवळलं. बोट साडेअठ्ठावीस सेंटिमीटरची व्हायला हवी होती, भरली २७.६. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. कळलं ते सांगाड्यावर धुराडी ठेवली तेव्हा. धुराडी मी फुटाच्या आकड्यांवरून वेगळी बनवली होती आणि ती उगाचच जाडजूड दिसायला लागली. त्यानंतर सवयच लावून घेतली: छापील पानावर नकाशातली मोजपट्टी आधी स्टीलच्या पट्टीने मोजायची, मगच ब्लेड हातात घ्यायचं. दोन्ही दिशांनी मोजायची, कारण हे जुने नकाशे कापडावर काढलेले असतात आणि शंभर वर्षांत कापड लांबीला एक अन् रुंदीला भलतंच आटतं किंवा ताणलं जातं. माझ्या प्रतीत रुंदीला दोन टक्क्यांचा फरक होता. ३४ मिलिमीटर रुंदीच्या बोटीत तो पाऊण मिलिमीटरही भरत नाही, पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, दोन बाजू जुळवताना नेमका आडवा येतो. रेषा आणि आकडा यांचं भांडण झालं तर आकड्याचं ऐकायचं.

एवढं करूनही नकाशा तुम्हाला बोटच देतो, दवाखाना देत नाही. प्रवाशांची सलून्स, केबिनी, सामानाची जागा, सगळं १९०० सालचं. जखमींच्या खाटा आल्या तेव्हा यार्डाच्या त्या कागदाला कुणी हातही लावला नव्हता. म्हणून रूपांतरित बोटीचा खरा अभ्यास फोटोंवरच होतो, आणि फोटो हे प्रकरण नकाशापेक्षा कितीतरी लबाड आहे.

एक तर भावंडं. कंपनीच्या त्या नावांच्या जुन्या चारही बोटी एका घाटाच्या. हायबर्नियाचं नाव बदलून ‘तारा’ केलं गेलं, ती हत्यारबंद झाली आणि ५ नोव्हेंबर १९१५ ला भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडवली. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, फोकस्टनजवळ सुरुंग लागून अँग्लिया गेली. दोघींच्या फोटोंखाली एकमेकींची नावं सर्रास सापडतात. मी आता फोटोखालच्या ओळीवर भरवसा ठेवतच नाही. आधी रंग बघतो, मग होड्या मोजतो, मग ओळ वाचतो.

दुसरं म्हणजे रंग. त्या काळच्या बहुतेक काचेच्या निगेटिव्ह लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या. लाल जवळपास काळा उतरतो, निळा पांढुरका आणि हिरवा मधला राखाडी. त्यामुळे बोटीच्या अंगावरचा क्रॉस फोटोत काळा दिसतो, तो लाल समजायचा. सुरुवातीला उत्साहाच्या भरात मी एक फोटो रंग भरणाऱ्या ॲपमधून काढून बघितला. त्याने बोटीवरचा आडवा पट्टा निळसर करून दिला आणि क्रॉस चॉकलेटी. पैसे वाया. एक तारा द्यायचा तो ह्या ॲपला.

पट्ट्याचं उत्तर मिळालं ते हेग कराराच्या पाचव्या कलमात, आणि आठ महिन्यांत सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट कुठली असं विचारलंत तर हे फुकट मिळणारं कलमच. सरकारी लष्करी हॉस्पिटल शिप बाहेरून पांढरी, तिच्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा आडवा हिरवा पट्टा. मदतसंस्थांच्या किंवा खासगी खर्चाने चालणाऱ्या जहाजांना तोच पट्टा लाल. शिवाय जहाजाच्या होड्याही तशाच रंगवायच्या, हे कितीतरी मॉडेलवाले विसरतात. दीड मीटर म्हणजे आपल्या स्केलला ४.३ मिलिमीटर. हिरवा म्हणजे नेमका कुठला हे करारात नाही. मी तीन छटा सनबोर्डच्या तुकड्यांवर मारून खिडकीत ठेवल्या, आठवडाभर येता-जाता बघितल्या आणि पोपटीकडे झुकणारी पहिली बाद केली. मास्किंग करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पट्टा डेकच्या उताराबरोबर नाळेकडे वर चढतो की पाण्याच्या रेषेला समांतर राहतो, हे फोटोतच बघायचं. मी सरळ टेप ओढली आणि बोट खेळण्यासारखी दिसायला लागली. खरवडून पुन्हा केली.

तारीख मात्र आधी ठरवा. ऑगस्ट १९१४ पूर्वीची अँग्लिया कंपनीच्या रंगात, नंतरची नौदलाची, त्यानंतरची पांढरी. आणि पांढरा रंगही युद्धभर टिकला असं समजू नका. १९१७ मध्ये हॉस्पिटल शिपांवर हल्ले वाढले तेव्हा ब्रिटिशांनी इंग्लिश खाडीतल्या काही बोटींवर खुणा करणंच सोडलं आणि सोबत विनाशिका दिल्या. मिडलंड रेल्वेची ‘डोनेगल’ ही अशीच १९०४ ची प्रवासी बोट. १७ एप्रिल १९१७ ला जखमींना नेताना ती पाणबुडीने बुडवली, तेव्हा तिच्यावर हॉस्पिटल शिपच्या खुणा नव्हत्या. ती पांढरी करून हिरवा पट्टा मारलेलं एक छान मॉडेल मी बघितलंय. हात चांगला होता, साल चुकलं.

मी ठरवलेली तारीख १ नोव्हेंबर १९१५. त्या दिवशी पाचवा जॉर्ज राजा फ्रान्समध्ये घोड्यावरून पडून जखमी झाल्यावर ह्याच बोटीने परत आला. पुढे सोळा दिवसांतच ती गेली. नाळ पाण्यात, वरामा (मागचा भाग) वर उचललेला आणि पंखे फिरतच राहिलेले, त्यामुळे मदतीला आलेल्या होड्यांना जवळ जाता येईना. वाचवायला धावलेल्या ‘लुसिटानिया’ नावाच्या कोळशाच्या बोटीलाही सुरुंग लागला. ती प्रसिद्ध लुसिटानिया नव्हे, ह्या प्रकरणात नावांनी छळायचंच ठरवलंय. बुडतानाचा फोटो आहे. वराम्याचा घाट समजायला त्याच्यासारखा दुसरा फोटो मिळाला नाही, आणि भिंग लावून तो बघताना दरवेळी हात थोडा थांबतो. शंभराहून जास्त माणसं त्यात गेली.

मित्र म्हणतो, एवढी हौस आहे तर ‘लॉयल्टी’ कर. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ विकत घेऊन तिचं हॉस्पिटल शिप केलं, त्याच बोटीने ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीची पहिली लंडन सफर मुंबईहून सुटली. करणार आहे. पण ते महासागरी जहाज, माझ्या टेबलावर मावायचं नाही.

घ्यावं कुणी? नकाशाची प्रत स्क्रॅच बिल्ड करणाऱ्याने, म्हणजे किटशिवाय सगळं स्वतः बनवणाऱ्याने, नक्की घ्यावी, पाचपैकी चार तारे. एक कापला तो तिच्यात दवाखाना नाही म्हणून. किट जोडणाऱ्याला तिची गरज नाही, त्याने पाचवं कलम वाचावं आणि दोन-तीन चांगले फोटो मोठे करून भिंतीला लावावेत. फोटोंचे स्कॅन घेताना सर्वांत मोठी फाइल मागा, लहान फाइलीत होड्यांच्या कडा विरघळतात. माझ्या होड्या त्यामुळेच अजून प्रायमरवर आहेत. चोवीस मिलिमीटरच्या होडीवर हिरवा पट्टा किती रुंद ओढायचा, ते मोठ्या स्कॅनवरून परवा ठरवीन.