व्हिडिओ की एचफाइव्हपी? ई-साहित्य करायला बसलेल्या शिक्षकांसाठी

सुट्टीत ई-साहित्य करायचं ठरलं की पहिला घोळ इथेच होतो: व्हिडिओ करायचा, की एचफाइव्हपीमध्ये (H5P) स्क्रीनवरच प्रश्न सोडवता येतील असा धडा? छान कुठलं दिसतं यावर ठरवू नका. मुलांपुढे ठेवलं की दुरुस्त्या निघणारच. त्या कुठे झटपट होतात ते बघा.

व्हिडिओला मोबाइल, साधा माइक आणि शांत खोली पुरते. (पावसाळ्यात इगतपुरीकडे पत्र्याखाली रेकॉर्डिंग होणं अवघडच.) पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला की पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरही पोचतो, आणि एकदा उतरवून घेतला की रेंज लागत नाही. पण समजा धड्यात वाक्य आहे, ‘द्राक्षांच्या १२ पेट्या ४ जणांत वाटल्या.’ एखादं पोरगं विचारतं, “सर, पेट्या फोडून की तशाच?” प्रश्न रास्त आहे. आता ‘न फोडता’ एवढे दोन शब्द घालायला अख्खं वाक्य पुन्हा बोलायचं, आणि नवा आवाज जुन्याशी जुळत नाही. मग बहुतेक जण ‘चालतंय’ म्हणून सोडून देतात.

एचफाइव्हपी मोफत आणि मुक्तस्रोत आहे. लुमी हे सॉफ्टवेअर संगणकावर टाकलं की धडा तिथेच बनवता येतो. प्रश्नातला शब्द खोडा, नवा लिहा, झालं. मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीवर) चढवला तर कोण कुठे अडलं तेही दिसतं. नुसती एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) वाटलीत तर मात्र गुण कुठेच जमा होत नाहीत, आणि ती फोनवर उघडायची कशी, हे पालकांना समजावण्यात तुमचा वेळ जातो.

चाचणी दोन्हींची करा, चार-पाच मुलं पुरेत. शेजारी बसा, तोंड बंद ठेवा, बोटाकडे बघा. छोट्या स्क्रीनवर उत्तर ओढताना बोटाखालीच अक्षरं झाकली जातात, हे संगणकावर बनवताना लक्षात येत नाही. “समजलं का?” विचारू नका, “हो सर” ठरलेलंच. त्याऐवजी नवं गणित द्या. नाशकातल्या मुक्त विद्यापीठामुळे स्वयं-अध्ययन साहित्य इथे नवं नाही, आणि त्याची कसोटी हीच: घरी एकट्याने वाचणाऱ्याला शंका विचारायला कुणी नसतं.

शाळेत संगणक कक्ष असेल तर सरळ एचफाइव्हपी घ्या. मुलं फक्त आईबापाच्या फोनवर बघणार असतील तर व्हिडिओच, पण एका संकल्पनेला एकच, तीन-चार मिनिटांचा. गणितं त्यात बोलू नका, वेगळ्या कागदावर द्या. कागद बदलायला माइक लागत नाही.