पितळी ओळंबा: पडक्या घरांची चित्रं काढणाऱ्यांसाठी

अमळनेरच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून घेतला, १८० रुपयांना. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं गवंड्याचं साधन: पितळेचा गोळा, सुती दोरी आणि गोळ्याच्या व्यासाएवढा लाकडी ठोकळा. "बांधकाम कुठं काढलं, सर?" दुकानदाराने विचारलं. पडलेली घरं काढायला हवाय म्हटलं, तर त्याने आधी पैसे मागितले.

मी थाळनेरला तापीकाठी बसतो. १८१८मध्ये इंग्रजांनी घेतलेल्या किल्ल्याचे तुकडे बघायला लोक येतात. मला गावातली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं जास्त आवडतात. अडचण अशी, की तिथं सरळ काहीच नसतं. सगळंच तिरकं काढलं की भिंत कललेली वाटत नाही, चित्रकाराचा हात कच्चा वाटतो. कागदावर एक तरी उभी रेघ खरी लागते. ती हा ओळंबा देतो. हात लांब करून, एक डोळा मिटून दोरी भिंतीच्या कडेशी धरा. वर टेकलेली कड मधे बाहेर आली आणि खाली परत दोरीला मिळाली, तर भिंतीने पोट काढलंय. खालपर्यंत सुटतच गेली तर ती कललीय. दोन्ही पडणारच, पण चित्रं वेगळी होतात. सागवानी चौकट बऱ्याचदा ओळंब्यात उभी असते आणि तिच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघालेली असते. छताच्या सराचं (आडव्या तुळईचं) भिंतीतलं टोक कुजलं की तो एका बाजूने खाली येतो, दुसरं टोक अडकून राहतं, धाब्याची माती त्याच उतारावरून घसरून ढीग होते. त्या ढिगाचा उतार मी दोरीशी ताडून काढतो, अंदाजाने काढला की तो नेहमी जास्तच उभा येतो.

ठोकळा गवंड्याच्या कामाचा. मी तो दोरीवर सरकवून उंचीची प्रमाणं धरतो, बरं जमतं.

दोरी मात्र भिकार. पीळ सुटतो आणि गोळा गरगर फिरत बसतो. मी गळाची नायलॉन दोरी घातली. तापीवरच्या वाऱ्यात हलका गोळा थांबतच नाही, म्हणून मोठ्या वजनाचाच घ्या. लोखंडी स्वस्त मिळतो, पण पावसाळ्यात गंजून बोटं आणि कागद दोन्ही तांबडे करतो. आणि ही घरं काढायला पावसाळ्यानंतरच जास्त बरी दिसतात, पण भिंत कोसळली तर अंगावर येऊ नये म्हणून तिच्या उंचीहून लांब बसा. ओळंबा लांबूनही तेवढंच दाखवतो.

पाचपैकी चार. एक गुण दोरीचा कापला.