पाच हजार परत आले, तिथेच फसलो

31 वर्षं बँकेत काढली, शेवटची नऊ ठाण्यातल्या नौपाड्यात. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत कुणाला संशयास्पद मेसेज आला की आधी मला दाखवत. गणेशोत्सवात ज्येष्ठांपुढे ऑनलाइन फसवणुकीवर मीच बोललो होतो. ज्यांना वाटतं आपल्याला यातलं कळतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर शेअर ट्रेडिंगच्या एका ग्रुपमध्ये मला कुणीतरी घेतलं. मी लगेच भुललो नाही. वीस हजार भरले आणि दोन दिवसांनी त्यातले पाच हजार काढून बघितले. तासाभरात खात्यात जमा! मी समाधानाने चाचणी संपवली. सावध माणूस हीच चाचणी घेणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ते पाच हजार म्हणजे त्यांच्या धंद्यातलं भांडवल. त्यानंतर मी काहीच तपासलं नाही.

मग आयपीओत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअर विक्रीत, कोटा मिळाल्याचं सांगून पैसे मागितले. आयपीओसाठी बँकेतून करायचे आस्बाचे अर्ज मी स्वतः काउंटरवर घेतलेत. शेअर मिळेपर्यंत ते पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक असतात, कुणाला पाठवायचे नसतात. तरी मी तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत आरटीजीएसने पैसे पाठवले. ‘मोठ्या कोट्याची पद्धत वेगळी असेल’ हे कारण त्यांनी दिलं नव्हतं, माझं मीच शोधलं. हे आजही टोचतं. बायकोने विचारलं, “अहो, दर वेळी नाव वेगळं कसं?” मी म्हटलं, “तुला त्यातलं कळत नाही.”

अ‍ॅपवर 34 लाख दिसत होते. काढायला गेलो तर म्हणाले, आधी कर भरा. तेव्हा डोळे उघडले. तरी ओळखीच्या बँकवाल्यांना सांगून पैसे अडवू, या भरवशावर चार दिवस घालवले. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर पहिल्या तासात फोन करायला हवा होता. तोवर पैसे खात्यांमागून खात्यांत फिरले होते. 11 लाख 40 हजारांपैकी 62 हजार तेवढे गोठवता आले.

मुलगी मानसशास्त्र शिकलेली. तिने मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांच्या 1981 च्या अभ्यासाबद्दल सांगितलं: त्यातल्या 93 टक्के अमेरिकी सहभागींनी स्वतःला निम्म्याहून अधिक चालकांपेक्षा कुशल ठरवलं होतं. मला माझा गणेशोत्सवातला माईक आठवला.

पोलिसांनी आधी तारखा, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि खातेदारांची नावं मागितली. माझ्याकडे एकत्र काहीच नव्हतं. बायकोने पिशवीतून घरखर्चाची वही काढली. तिन्ही नावं तिने तारखांसकट लिहून ठेवली होती.